सरकार पडतं, शासन कधीच पडत नाही. असं का?

पाटीवाचक
परवा सिग्नलला दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. एकीवर लाल अक्षरांत 'महाराष्ट्र शासन', दुसरीवर 'भारत सरकार'. भाचीने विचारलं, "मामा, दिल्लीत सरकार आणि आपल्याकडे शासन, असं का?" "एकच गं ते," म्हणून वेळ मारून नेली, पण डोक्यातून जाईना.

आता माझं मत असं झालंय की ते एक नाही. सरकार स्थापन होतं, टेकूवर चालतं, पडतं. शासन पडल्याचं कोणी ऐकलंय? २०१९ मध्ये १२ ते २३ नोव्हेंबर राष्ट्रपती राजवट होती. राज्यात सरकार नव्हतं, शासन मात्र जागेवर होतं. म्हणजे सरकार ही निवडून आलेली माणसं आणि शासन हा कायम चालणारा गाडा. मग मंत्री सभागृहात उठून 'शासन सकारात्मक आहे' म्हणतात, तेव्हा सकारात्मक नक्की कोण? 'आमचं सरकार हे करील' म्हटलं तर उद्या जाब विचारता येतो. 'शासनाच्या विचाराधीन आहे' म्हटल्यावर कोणाची कॉलर धरायची?

बखरबहाद्दर
साफ असहमत. एक शब्द फारसी, दुसरा संस्कृत, बाकी माल तोच. 'सर' म्हणजे डोकं, 'कार' म्हणजे काम. मुघलांकडे सरकार हा सुभ्याखालचा आणि परगण्यांवरचा मुलूख होता. आपल्याकडे तो शब्द धन्याला आणि दरबाराला चिकटला. १९६० ला महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय आलं आणि कारभाराची परिभाषा संस्कृतकडे झुकली. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्याच वळणावरचं हे काम. मध्य प्रदेश 'शासन' लिहितो, बिहार 'सरकार' लिहितो. तिथे काय दोन राज्यघटना आहेत? आणि कायम चालणाऱ्या गाड्याला मराठीत 'प्रशासन' म्हणतात, मालक.

पाटीवाचक
व्युत्पत्ती मान्य, पण शब्द कुठून आला यापेक्षा तो कसा चालतो ते बघा ना. 'राणीसरकार' म्हणतो, 'राणीशासन' म्हणून बघा! सरकार या शब्दात माणूस दिसतो. १८९७ मध्ये टिळकांनी 'केसरी'त विचारलं ते 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' तिथे 'शासनाचे डोके' घाला, अग्रलेखातली हवाच जाते. (तुमच्या 'सर'मुळे आणखी गंमत: डोकं त्या शब्दातच आहे.) १९४२ नंतर साताऱ्यात उभं राहिलं तेही प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार. प्रतिशासन नव्हे.

बखरबहाद्दर
अहो, पण १८९७ चं सरकार निवडून कुठे आलं होतं? कंपनी सरकार, इंग्रज सरकार, यांना मतं कोणी दिली? सरकार म्हणजे 'निवडून आलेली माणसं' ही तुमची व्याख्या तुमच्याच दाखल्याने पाडली.

पाटीवाचक
हा टोला बसला. 'निवडून आलेली' मागे घेतो. 'माणसं' घेणार नाही.

टेबल नंबर चार
वीस वर्षं फायली हलवतोय, म्हणून दोन शब्द. शासन निर्णयाचा, म्हणजे जीआरचा, शेवट वाचा: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली सही उपसचिवाची नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची. घटनेच्या १६६ व्या कलमानुसार राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. कोर्टात जाल तर समोर 'महाराष्ट्र राज्य'. सही करणारा एक, नाव दुसऱ्याचं, खटला तिसऱ्यावर. यात तुमची कॉलर शोधा.

मूळ अर्थाने मात्र 'शासन' इथे चपखल बसतो. शासन म्हणजे आज्ञा. दानाचा हुकूम तांब्यावर कोरला की ताम्रशासन, आता तो पीडीएफमध्ये येतो. आणि आम्ही टिपणीत 'शासनस्तरावर निर्णय अपेक्षित' लिहितो, त्याचा अर्थ एवढाच की फाईल आमच्या टेबलावरून गेली.

बखरबहाद्दर
चारनंबर, हे मात्र पाटीवाचकांच्या बाजूचं झालं. 😄

काठावरची
तुमच्या दोघांच्या भांडणात एक अर्थ राहूनच गेला. शासन म्हणजे शिक्षासुद्धा. आमच्या सोसायटीने बेकायदा बांधकामाबद्दल अर्ज लिहिला, त्यात वाक्य होतं: 'शासनाने दोषींना कडक शासन करावे'. सेक्रेटरींनी दुसरं 'शासन' खोडून 'शिक्षा' केलं. मी म्हटलं राहू द्या, नाहीतरी एकाच शब्दात दोन्ही कामं होतायत.

बाकी लग्नाच्या स्थळात 'सरकारी नोकरी'च लागते. मुलगा 'शासकीय सेवेत' आहे म्हटलं की आमची आत्या विचारते, म्हणजे कायम की कंत्राटी?

पाटीवाचक
ते सगळं ठीक, पण भाचीला काय सांगू?

बखरबहाद्दर
सांगा, दिल्लीची पाटी हिंदीत आहे आणि इथली मराठीत. विषय संपला.

पाटीवाचक
आणि तिने विचारलं की मग 'सरकारी दवाखाना' कुठल्या भाषेतला, तर?