मदत हवी आहे : भार पेलणारी बॅटरी

नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला भलताच विषय घेतलाय : भारही पेलेल आणि वीजही साठवेल अशी कार्बन फायबरची शीट. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात हे जमलंय. २०२१ मध्ये किलोला २४ वॉट-तास नि २५ गिगापास्कल ताठपणा, २०२४ मध्ये ३० आणि ७०.

आमचं घोडं रेझिनपाशी (तंतू एकत्र धरून ठेवणारा चिकट पदार्थ) अडलंय. नुसतं इपॉक्सी रेझिन ओतलं की शीट कडक होते, पण आयन (वीज वाहून नेणारे विद्युतभारित कण) हलत नाहीत. द्रव इलेक्ट्रोलाइट (ज्यातून आयन फिरतात ते) वाढवलं की ओल्या पापडासारखी लवते. मोनोमर (जोडले की रेझिन बनतं ते सुटे रेणू) इलेक्ट्रोलाइटमध्येच मिसळून गरम केला की सच्छिद्र जाळं बनतं, एवढं वाचलंय. कुणी स्वतः केलंय का? प्रमाण काय ठेवलंत? आणि पुण्यात ग्लोव्ह बॉक्स (हातमोजे लावलेली, आत हवा-ओलावा न येणारी बंद पेटी) थोडे दिवस वापरायला कुठे मिळेल? (कॉलेजात नाही, सर 'बघू' म्हणतात.)