सुवर्णभूमी विमानतळावर बाट काढताना

बँकॉकला उतरल्यावर एटीएम शोधावे की इथूनच बाट, म्हणजे थायलंडचे चलन, घेऊन जावेत, या प्रश्नावर थोडी भर घालतो. सुवर्णभूमी विमानतळावर यंत्र शोधण्याची चिंता नको, कारण दुसऱ्या मजल्यावर आगमन कक्षातून बाहेर पडताच निरनिराळ्या बँकांची एटीएम दिसतात. खरी काळजी शुल्काची घ्यावी. परदेशी कार्डावर तिथल्या बँका प्रत्येक वेळी 220 बाट किंवा त्याहूनही अधिक आकारतात, आणि रक्कम कितीही असली तरी हे शुल्क बदलत नसल्यामुळे थोडे थोडे पैसे काढणे फार महाग पडते. शिवाय आपल्या बँकेचे शुल्क वेगळेच.

रुपयांत रूपांतर करून हवे का, असे यंत्र विचारते, तेव्हा आवर्जून नकार द्यावा. पडद्यावर रुपयांतला आकडा पाहून हायसे वाटते हे खरे, पण तो दर यंत्रचालकाने ठरवलेला असतो आणि बहुधा आपल्या तोट्याचाच असतो. नकार दिला तरी पैसे मिळतातच, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

निघण्यापूर्वी कार्डावरील परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांनुसार नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. रोख रुपये किंवा डॉलर जवळ असतील, तर तळघरात रेल्वे स्थानकाजवळील विनिमय केंद्रांचा दर आगमन कक्षातल्यापेक्षा सहसा चांगला असतो, म्हणून आधी तिथे विचारावे.