घाना फिरायला जाण्यासारखा देश आहे का? मदत हवी आहे

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

नवरा यंदा घानात आहे, तेमा बंदराजवळ एका कामावर. कंपनी घरच्यांना एकदा येण्याजाण्याचं तिकीट देते, त्यामुळे खर्चाचा मोठा आकडा सुटतो. जाणार आम्ही तिघी: मी, सातवीतली लेक आणि सासूबाई. सासूबाई ६७ वर्षांच्या, पायांनी खणखणीत, पण कट्टर शाकाहारी. अंडंसुद्धा चालत नाही.

पंचाईत अशी की "जा" म्हणणारं कोणी भेटेना. खुद्द नवरा म्हणतो, "साइट, गेस्ट हाउस आणि रविवारी मॉल. इथे काय बघणार तुम्ही?" थोरले दीर म्हणतात, आफ्रिकेत जायचं तर केनियाला जा, सिंह तरी दिसतील. एजंटाने आधी गयाना ऐकलं, मग गिनी, आणि शेवटी घाना कळल्यावर दुबईचं पॅकेज पुढे सरकवलं.

केवळ नवरा तिथे आहे म्हणून जायचं, की तो देश बघायला जावं असं खरंच काही कारण आहे? असेल तर कुठे जावं, किती दिवस ठेवावेत? दिवाळीची सुट्टी बरी की नाताळची? आणि सासूबाई खातील काय? तिथे राहिलेलं कोणी असेल तर फार मदत होईल. यूट्यूब बघून झालंय, तिथे सगळे एकतर नाचताना दिसतात नाहीतर जॉलॉफ भात खाताना.

साधा माणूस

स्पष्ट लिहितो, राग नसावा. तिकीट फुकट असेल तर नवऱ्याला भेटायला जरूर जा, पर्यटन म्हणून नको. मी कामानिमित्त तिथल्या राजधानीत, आक्राला, जाऊन आलोय. ट्रॅफिक पुण्याला लाजवेल, हवा मे महिन्यातल्या मुंबईसारखी चिकट, आणि बऱ्यापैकी हॉटेल घ्यायचं तर आपल्या मानाने महाग. समुद्र सुंदर, पण पाण्याला ओढ इतकी की घोट्याच्या वर जाववत नाही. बघायची ठिकाणं एकमेकांपासून लांब. तेवढ्या पैशात व्हिएतनाम होतं.

दर्यावर्दी

ट्रॅफिक आणि समुद्र, दोन्ही शंभर टक्के खरं. पोहायचा विचार सोडाच. बाकी पटलं नाही. तेमाला बंदराच्या कामात माझी काही वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्राणी बघायचे असतील तर दिरांचं ऐका, केनियाला जा. घानात उत्तरेला मोले नॅशनल पार्क आहे, तिथे रेंजरबरोबर पायी चालत हत्ती बघता येतात, पण ते तेमापासून फार लांब. टमालेपर्यंत विमान, तिथून पुन्हा गाडी. शिवाय दिवाळीच्या सुमाराला तिथलं गवत उंच असतं. या खेपेला सोडून द्या.

तुमच्यासाठी दोन जागा पुरेशा आहेत: केप कोस्टचा किनारा आणि कुमासी.

किनाऱ्यावर एल्मिना आणि केप कोस्ट हे दोन किल्ले, मध्ये जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. एल्मिना पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, म्हणजे ते गोव्यात पोचायच्या २८ वर्षं आधी. आले होते सोन्यासाठी. पुढे १६३७ मध्ये तो डचांनी घेतला, व्यापार माणसांचा, म्हणजे गुलामांचा झाला, आणि तो व्यापार बंद पडल्यानंतर किल्ला इंग्रजांकडे गेला. आपल्याला किल्ला म्हटलं की दरवाजा, बुरूज, लढाई आठवते. इथे तसलं काही नाही. इथे तळघरं आहेत. केप कोस्टला पुरुषांना कोंडायच्या तळघराच्या बरोबर वर इंग्रजांचं प्रार्थनाघर होतं. गाइड ते एका वाक्यात सांगतो आणि पुढे चालायला लागतो. शेवटी एका दरवाजातून बाहेर काढतात, तिथून माणसं जहाजावर चढवली जायची. आता त्या दरवाजाबाहेर कोळ्यांची वस्ती आहे, रंगवलेल्या लांबलचक होड्या, जाळी विणणारी माणसं, पोरांचा फुटबॉल. दरवाजाच्या बाहेरच्या अंगाला "परतीचा दरवाजा" अशी पाटी आहे, कारण अमेरिका आणि कॅरिबियनमधून त्या लोकांचे वंशज इथे येतात. त्यांच्याबरोबर एकाच गटात आपण आत फिरतो. जगात असं दुसरीकडे फारसं बघायला मिळत नाही, आणि तुम्ही विचारलेलं कारण हेच.

दुसऱ्या दिवशी जवळच्या काकुमच्या जंगलात जा. झाडांच्या शेंड्यांतून दोरांचे सात झुलते पूल आहेत, मिळून ३५० मीटर. लेक खूश होईल. सासूबाईंना आधी थोडा दगडी चढ आहे, आणि पूल हलतात हे सांगून ठेवा.

कुमासीबद्दल रात्री लिहितो.

जुनी पोथी

दर्यावर्दींनी सोन्याचा उल्लेख केला म्हणून थोडी भर. त्या किल्ल्यांत माणसांच्या बदल्यात जो माल उतरायचा त्यात आपल्याकडचं सुती कापड भरपूर असायचं, गुजरातचं, कोरोमंडलचं. आणि मालदीवच्या कवड्या. हिंदी महासागरातल्या कवड्या बंगाल आणि युरोपमार्गे पश्चिम आफ्रिकेत पैसा म्हणून चालत होत्या. त्यामुळे "आपला काय संबंध" असं वाटत असेल तर संबंध आहे, फक्त तो अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

आक्रात घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एनक्रुमा यांचं स्मारक आहे, तेही बघा. सहारापलीकडच्या आफ्रिकेत इंग्रजांच्या वसाहतींपैकी पहिल्यांदा स्वतंत्र झाला तो हा देश, ६ मार्च १९५७ ला. अलिप्ततावादी चळवळ उभी करणाऱ्यांत नेहरू, टिटो, नासर आणि सुकार्नो यांच्या जोडीला एनक्रुमा होते. मात्र गांधीजींचा पुतळा शोधू नका. २०१६ मध्ये आपल्या राष्ट्रपतींच्या हस्ते घाना विद्यापीठात बसवला होता, तिथल्या प्राध्यापकांनी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या लिखाणावर आक्षेप घेतला आणि २०१८ च्या डिसेंबरात तो हलवला. टॅक्सीवाल्याने हा विषय काढला तर ऐकून घ्या, वाद घालू नका.

दर्यावर्दी

आता कुमासी. तेमाहून रस्त्याने सहा तास धरा, वेळ कमी असेल तर आक्राहून छोटं विमान आहे. आशांती लोकांच्या राजांची ही राजधानी, आणि राजा अजून आहे. ओसेई टुटू दुसरे १९९९ पासून गादीवर आहेत. सरकारी अधिकार नाही, पण जमिनीचे तंटे आजही त्यांच्यापुढे जातात.

मान्हिया राजवाड्याच्या संग्रहालयासाठी अर्धा दिवस ठेवाच. १८७४ मध्ये इंग्रजांनी कुमासी जाळली आणि राजवाड्यातलं सोनं लुटून नेलं. १८९६ मध्ये राजा प्रेंपे यांना पकडून नेलं, पुढे थेट सेशेल्स बेटांवर ठेवलं. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर म्हणाला, तुमचं सोन्याचं सिंहासन आणा, मी त्यावर बसतो. आशांतींच्या लेखी त्या आसनात सगळ्या प्रजेचा प्राण असतो, राजासुद्धा त्यावर बसत नाही. पुरुष मंडळी कचरत होती तेव्हा एजिसूची राजमाता, नाव 'या आसांतेवा', युद्धाला उभी राहिली. हरली, तीही सेशेल्सला गेली आणि तिथेच १९२१ मध्ये वारली. पण आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही ते नाहीच.

हे सगळं सांगायचं कारण, आपल्याकडे २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याला आली, आठवतंय ना? त्यांच्या खरेपणाचा वाद तूर्त बाजूला ठेवा. त्याच वर्षी त्याच म्युझियमने आणि ब्रिटिश म्युझियमने आशांतींच्या लुटलेल्या सोन्यातलं काही मान्हियात आणलं. तेही तीन वर्षांसाठी, तेही उसनं! ज्याचं त्यालाच उसनं दिलं म्हणून तिथली माणसं चिडलेली होती, आणि तरी रांगा लावून बघायलाही येत होती. यावर तिथल्या कुणाशीही गप्पा मारायला मराठी माणसाला वेगळी तयारी लागत नाही.

जमलं तर आक्वासिदेचा रविवार गाठा. दर सहा आठवड्यांनी येतो. छत्र्यांच्या सावलीत राजे दरबार भरवतात, ढोल, शिंगं, सोन्याने मढलेले सरदार. तारखा आधी मिळतात.

कुमासीपासून ३० किलोमीटरवर बोसुम्त्वी सरोवर आहे. आपल्या लोणारसारखंच उल्कापाताने झालेलं. लोणारच्या विवराचा व्यास १.८ किलोमीटर, याचा साडेदहा. वय सुमारे १० लाख ७० हजार वर्षं. तिथले कोळी नुसत्या लाकडी फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवत मासेमारी करतात, कारण या पवित्र पाण्यात लोखंड आणि होडी चालत नाही अशी जुनी समजूत. लेकीला लोणार दाखवलं असेल तर तिला हे विवर जास्त कळेल.

आणि तिच्या भूगोलासाठी फुकटची गोष्ट: शून्य रेखावृत्त तेमातूनच जातं. तुमच्या यजमानांना विचारा, त्यांनी बघितलंय का.

भटकभवानी

तेशीच्या शवपेट्या राहिल्या की! आक्रा आणि तेमाच्या मध्येच आहे. मासेमाराला माशाच्या आकाराची, शेतकऱ्याला कोकोच्या फळाची, ड्रायव्हरला गाडीची. सुतार मंडळी वर्कशॉपमध्ये येऊ देतात, फोटोचे थोडे पैसे द्यावेत. सासूबाईंना चालणार असेल तरच न्या, माझ्या आईने पाय ठेवला नव्हता. त्यांना अबुरीच्या डोंगरावरची जुनी वनस्पती बाग दाखवा, हवा जरा गार असते. पुढे माम्पाँगला कोकोची ती पहिली बाग आहे. तेते क्वार्शी नावाच्या लोहाराने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून बिया आणून लावल्या. कोकोत घाना बरीच वर्षं जगात आयव्हरी कोस्टच्या खालोखाल राहिला आहे.

गोदाकाठ

बापरे, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. वाघनखांचं वाचून सासूबाईंनी चष्मा लावून पूर्ण धागा वाचला.

एक शंका. त्या तळघरांत बारा वर्षांच्या मुलीला न्यावं का? ती हळवी आहे. आणि जेवणाचं कोणीच बोललं नाही.

दर्यावर्दी

तिथल्या शाळांच्या सहली येतात, याच वयाची मुलं असतात. आधी घरी थोडं सांगून ठेवा, म्हणजे अंधारात एकदम अंगावर येत नाही. दोन्ही किल्ले एका दिवसात करू नका. एकच करायचा तर केप कोस्ट.

साधा माणूस

मला वाटतं नेऊ नये. आमच्या गटातली एक मोठी बाई रडत बाहेर आली होती. अर्थात निर्णय तुमचा.

पालेभाजी

जेवणाचं मी सांगते, जाऊबाई तिथे राहून आल्यात आणि घरी अजून वाचे होतं. वाचे हा तिथला भात: तांदूळ आणि चवळीसारखी कडधान्यं ज्वारीच्या पाल्याबरोबर शिजवतात, भाताला तांबूस रंग येतो. सकाळी रस्त्यावर पानात बांधून मिळतं. रेड रेड म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळ आणि सोबत तळलेली पिकली केळी. केलेवेले म्हणजे आलं-मिरची लावून तळलेले केळ्याचे तुकडे, ते लेक रोज मागेल. कोंटोमिरे ही अळूच्या कुळातल्या पानांची भाजी.

धोका कुठे, तर शितो. वाचेवर जी काळी चटणी घालतात तिच्यात सुकट असते. कोंटोमिरेत धुरावलेला मासा, आणि रश्शात बहुतेक वेळा कसला तरी मसाल्याचा क्यूब. "मीट नको" म्हटलं तर मासा येतो, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मीट नाही. मासा नको, सुकट नको, क्यूब नको, तिन्ही वेगवेगळं सांगायचं. आक्रात भारतीय दुकानं आहेत, कणीक-डाळ मिळते. बाहेरगावी जाताना दशम्या आणि चटणी न्या, नाहीतर सासूबाई केळ्यांवर राहतील.

वैद्यबुवा

धाग्यात सगळं आलं, महत्त्वाचं सोडून. घानात उतरायला यलो फीवरच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं, आणि तिथून भारतात परतताना आपलं विमानतळही तेच मागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं.

तुमचा प्रश्न सासूबाईंचा आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. तरीही ती क्वचितच आढळते, त्यामुळे घाबरवायचा हेतू नाही. पण नुसतं केंद्रावर जाऊन दंड पुढे करू नका. आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा काही आजार होता का, प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा. ते नको म्हणाले तर लस का दिली नाही याचं प्रमाणपत्र मिळतं, पण डास काही प्रमाणपत्र वाचत नाहीत. तसं झालं तर त्यांना नेऊ नका, असं माझं मत.

मलेरियाच्या गोळ्या तिघींनाही. निघायच्या आधीपासून परत आल्यानंतरपर्यंत, डॉक्टर सांगतील तशा. आक्रात आहोत म्हणून सोडू नका.

गोदाकाठ

वैद्यबुवा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. शुक्रवारची वेळ घेतली आहे. सासूबाईंना बीपीची एकच गोळी आहे, बघू काय म्हणतात. त्यांचं ठरल्यावरच तिकिटं.

दिवाळी की नाताळ ते राहिलं. आणि केंटे हे तिथलं हातमागाचं कापड आणायचं असेल तर कुठून?

दर्यावर्दी

दिवाळी. डिसेंबरात परदेशातले घानावासी घरी येतात, आक्रात हॉटेलं आणि गाड्यांचे भाव आकाशाला भिडतात. नंतर सहारातून हरमाटानचा धुळकट वारा सुरू होतो, सगळं मळकट दिसतं. दिवाळीत पावसाच्या काही सरी येतील, तेवढंच. आठ-नऊ दिवस पुरे. गाडी ड्रायव्हरसकट ठरवा. ट्रोट्रो म्हणजे आपलं वडाप, गंमत म्हणून शहरातल्या शहरात एकदा बसा, लांबच्या रस्त्याला नको.

केंटे कुमासीजवळ बोनविरेला, विणकरांकडूनच. हाताच्या पंजाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या विणून एकमेकींना शिवतात. बाजारात छापील नक्कल ढिगाने मिळते, कापड उलटं करून बघा, मागची बाजू फिकट दिसली तर छापील. अख्खं वस्त्र महाग पडेल, एक पट्टी घ्या, भिंतीवर छान दिसते. घासाघीस चालते, पण आधी नमस्कार-चमत्कार, मग भाव. पैसे उजव्या हाताने द्या, डावा हात तिथेही चालत नाही.