मदत हवी आहे: पिक्सेल मोठा बघायचा की सेन्सर मोठा?

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या हातच्या जुन्या वह्या आहेत घरात. शाई फिकी पडत चाललीय, कागद इतका ठिसूळ झालाय की स्कॅनरवर दाबून ठेवायची हिंमत होत नाही आणि फ्लॅश मारला की पान चमकतं, म्हणून सगळी पानं खोलीतल्याच उजेडात मोबाईलने काढायची असं ठरवलंय आणि त्यासाठी फोन नवीन घ्यायचाय.

आता गोंधळ असा आहे. एका फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेल, एकेक पिक्सेल १.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप १/२.५५ इंच. दुसरा १०८ मेगापिक्सेल, पिक्सेल ०.८ मायक्रॉनच, पण सेन्सर १/१.३३ इंच. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की पिक्सेल मोठा तर कमी उजेडात फोटो चांगला, मग पहिला घ्यायचा का? पण सेन्सर तर दुसऱ्याचा मोठा आहे ना! शिवाय पहिल्याचा डिस्प्ले ४०५ पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) आणि दुसऱ्याचा ५०० च्या वर, त्याने अक्षरं वाचायला फरक पडतो का? कुणाला नीट माहीत असेल तर प्लीज सांगा, ही पानं परत मिळणार नाहीत.

प्रतिसाद १

आधी सेन्सर बघा, पिक्सेल नंतर. तुमचेच आकडे घेऊन गणित करा, १०८ वाल्याचा सेन्सर साधारण ९.६ बाय ७.२ मिमी म्हणजे ६९ चौरस मिमी येतो आणि १२ वाल्याचा जेमतेम २४. लेन्सचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती मोठं) आणि शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) सारखे धरले तर अख्ख्या फोटोसाठी जवळपास तिप्पट उजेड गोळा होतो, आणि नॉइजचं, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाचं, सगळं गणित त्यावरच आहे. प्रकाश कणाकणाने येतो, १०० फोटॉन जमले तर त्यात साधारण १० चा चढउतार असतोच, म्हणजे १० टक्के. १०,००० जमले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. ०.८ चा एकटा पिक्सेल कमी उजेड धरतो हे खरंय, पण तो फोन नेहमीच्या मोडमध्ये शेजारचे ९ पिक्सेल एकत्र करतो, तो झाला २.४ मायक्रॉनचा एक आणि फोटो १२ मेगापिक्सेलचा.

धागाकर्ता

ओह, म्हणजे पिक्सेलचा आकडा एकटा बघण्यात काही अर्थ नाही! पण मग वहीसाठी १०८ चा मोड लावू का? बारीक अक्षरं आहेत, समासातसुद्धा लिहिलंय.

प्रतिसाद २

गरज पडणार नाही बहुतेक. ४००० बाय ३००० च्या फोटोत ए४ पान पूर्ण बसवलं तर दर मिलीमीटरला १३ च्या आसपास पिक्सेल येतात, म्हणजे ३३०-३४० डीपीआय (दर इंचाला ठिपके), हस्ताक्षराला भरपूर झालं. आणि एफ १.८ अ‍ॅपर्चरच्या लेन्समधून कितीही नेमका फोकस केला तरी प्रकाशाचा ठिपका साधारण २.४ मायक्रॉनचा पडतो, मग ०.८ च्या पिक्सेलला बारकावा मिळणार कुठून. खोलीतल्या उजेडात तर नॉइजच जास्त येईल.

डिस्प्लेचं टेन्शन घेऊ नका. नॉर्मल नजरेला ३० सेंमीवरून साधारण २९० पीपीआयच्या पुढे पिक्सेल वेगळे दिसतच नाहीत, त्यामुळे ४०५ पण पुरे. उलट १०८० रुंदीच्या उभ्या स्क्रीनवर अख्खं पान १०८० बाय १४४० मध्येच दिसतं, म्हणजे १५-१६ लाख पिक्सेल, तिथे १२ आणि १०८ दोन्ही सारखेच सुंदर वाटणार. फोटो तपासायचा तर १०० टक्के झूम करून तपासा, आणि चारही कोपरे बघा.

कोपऱ्यांचं मुद्दाम सांगतोय, कारण मोठ्या सेन्सरला जवळून फोटो काढला की फोकसची खोली (पुढेमागे जेवढं अंतर स्पष्ट येतं ती) कमी मिळते, वहीचं पान शिवणीजवळ वळलेलं असतं तिथली अक्षरं नेमकी धूसर होतात. तेव्हा फोन थोडा लांब धरून २ एक्स झूमवर काढा, स्टँडवर लावा, टायमर वापरा आणि उजेड दोन्ही बाजूंनी तिरका येऊ द्या. फोन हलला नाही की शटर जास्त वेळ उघडा ठेवता येतो, आणि तो फायदा कुठलाही सेन्सर घेतला तरी मिळतोच.

फोन घेण्याआधी एखादं कमी महत्त्वाचं पान आत्ताच्या मोबाईलने असं काढून इथे टाका, शिवणीजवळचा भाग बघून सांगतो किती लांबून काढायचं ते.