मदत हवी आहे: तमिळनाडूतल्या नेयवेली वीजकेंद्राची क्षमता नक्की किती? तातडीचं!

घाईतला_गणू: आज रात्री लेख द्यायचाय. वीजकेंद्राची क्षमता एकीकडे 600 मेगावॅट, दुसरीकडे 1470, तिसरीकडे 420. डोकं फिरलंय. खरा आकडा कुठला? 'शोधून बघ' म्हणू नका, शोधूनच आलोय.

तिरकस: कुठलं केंद्र?

घाईतला_गणू: अहो लिग्नाइटचं, म्हणजे तपकिरी कोळशाचं, नेयवेलीचं!

तिरकस: तिथली सगळीच लिग्नाइटची.

बॉयलरबाबा: लिग्नाइटमध्ये जवळजवळ निम्मं पाणीच. दळतानाच भट्टीतला गरम वायू ओढून ते वाळवतात. ढीग घालून ठेवलं तर आपोआप पेटतं. लांब वाहून नेणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं. म्हणून केंद्र खाणीच्या उशाला.

घाईतला_गणू: काका, छान. पण क्षमता?

मीठमिरची: बाबा, तुमची नोकरी चंद्रपूरची ना? तिथे दगडी कोळसा. लिग्नाइट कधी हाताळलंत?

बॉयलरबाबा: प्रशिक्षणाला नेयवेलीत होतो, दोन महिने. लिग्नाइटच्या थराखालचं पाणी एवढ्या दाबाचं की उपसा रात्रंदिवस चालू. थांबला की खाण बुडाली!

सुमा_ताई: पाण्यावरून आठवलं, तिथल्या जम्बुलिंग मुदलियारांच्या जमिनीत पाण्यासाठीच भोक पाडत होते, तेव्हा लिग्नाइट वर आलं. पुढे त्यांनी जमीनही दिली. गणू, हे घाल लेखात.

घाईतला_गणू: ताई, शब्दमर्यादा आहे हो. 420 धरू का?

मीठमिरची: चारशेवीस आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही 😄

तिरकस: लेख कशावर आहे ते सांगशील का आधी?

घाईतला_गणू: सोव्हिएत मदतीने उभे राहिलेले प्रकल्प. सांगितलं नव्हतं का?

तिरकस: नाही! मग 600 घे. ते पहिलं केंद्र, सोव्हिएत मदतीचं: 50 चे सहा संच, 100 चे तीन. पहिला संच 1962 ला, शेवटचा 1970 ला. 420 म्हणजे त्याचाच नंतरचा विस्तार, 210 चे दोन. 1470 हे दुसरं केंद्र, 210 चे सात. आणि 'आहे' लिहू नकोस, 'होती' लिही. पहिल्या केंद्राचे ते नऊही संच आता बंद झालेत, त्यांच्या जागी 500 चे दोन आले.

घाईतला_गणू: अरेच्चा, 1000 पण दिसला होता! छपाईची चूक समजून सोडून दिला. आभार.

मीठमिरची: नेयवेली की नैवेली?

बॉयलरबाबा: तिथले लोक 'नेय्वेली' म्हणतात.

सुमा_ताई: यासाठी वेगळा धागा काढा.