खाल्लेलं अंगी लागतं का? जेवणावरच्या चहाबद्दल चर्चा

रानजाई:
गेल्या जूनमध्ये माझं हिमोग्लोबिन ८.९ आलं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तीन महिने एक दिवस न चुकवता घेतल्या आणि परत तपासलं तर ९.२. एवढा राग आला होता ना. मग दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोळी कशाबरोबर घेता? म्हटलं चहा-चपातीबरोबर, आणि लगे हात कॅल्शियमची गोळीपण, म्हणजे विसरायला नको. त्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाल्या चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाचं शोषण अडवतात. आधीच्या ठिकाणी हे कुणी विचारलंच नव्हतं! आता लोहाची गोळी ११ वाजता लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची रात्री, आणि पुढच्या तीन महिन्यांत ११.४.

माझं म्हणणं एवढंच की आपण पालकात किती लोह, नाचणीत किती कॅल्शियम हे तक्ते पाठ करतो पण त्यातलं अंगी किती लागतं हे कुणी बघतच नाही. मेंदी भिजवताना लोखंडी कढईत चहाचं पाणी घालतो, सकाळी ती काळीकुट्ट झालेली असते, आठवतंय? चहातली तुरट द्रव्यं लोखंडाला धरून बसतात म्हणून तो काळा रंग येतो. पोटात तेच होतं, लोह त्यांना चिकटतं आणि तसंच बाहेर जातं. १९८३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, जेवणाबरोबर चहा घेतल्यावर लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी कमी झालं, कॉफीने ३९ टक्क्यांनी. आणि आपण काय करतो, कांदेपोह्यांवर लिंबू पिळतो, जे अगदी बरोबर आहे कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं, आणि पाठोपाठ कपभर चहा. जेवणाबरोबरचा चहा बंद करा असं माझं स्पष्ट मत आहे.

गोदाकाठ:
ताई, तुमचं बरं झालं याचा आनंद आहे पण मला हे पटत नाही. मी १४ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. ज्या बायकांचं रक्त कमी आहे त्यांच्या ताटात बघा आधी. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते तेव्हा कढईत भाजीचा रस्सा उरलेला असतो, त्यात भाकरी कुस्करून खाते आणि वर चहा, कारण चहाने भूक मरते. तिला मी काय सांगू, चहा सोड? मग तिच्या पोटात काय राहिलं? बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पुस्तक सांगतं, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात जेमतेम ४. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतला आकडा आहे हा, तो काय चहामुळे आहे का?

रानजाई:
ताटात कमी पडतं हे शंभर टक्के मान्य. पण तो २९ चा आकडा कुठून आला बघा ना, खाल्लेल्या लोहातलं फक्त ८ टक्के शोषलं जातं असं धरून काढलाय तो. म्हणजे शरीराला खरी गरज दोन-सव्वादोन मिलिग्रॅमचीच आहे, बाकी सगळं वाया जाणार हे गृहीत धरलेलं. जिच्या ताटात आधीच कमी आहे तिचं वाया जाणं थांबवायला नको का? तिलाच तर हे जास्त लागू आहे!

तिन्हीसांजा:
माफ करा पण दोघींनाही थोडं थांबवतो. मी आहारशास्त्र शिकवतो. तो १९८३ चा प्रयोग एका जेवणाचा होता आणि जेवण म्हणजे हॅम्बर्गर होतं, वरणभात नाही. एका वेळच्या जेवणावर जो परिणाम दिसतो तो महिनोन्‌महिने तेवढाच राहत नाही. याची उलटी बाजू पण तपासलीये, १९८४ साली लोकांना रोज २ ग्रॅम क जीवनसत्त्व जेवणाबरोबर १६ आठवडे दिलं, म्हणजे शेकडो लिंबांच्या रसाएवढं, आणि शरीरातला लोहाचा साठा म्हणावा तसा वाढला नाही. साठा कमी असला की आतडं आपणहून जास्त ओढून घेतं, भरलेला असला की कमी. तुमचं ११.४ चहा हलवल्यामुळे झालं का कॅल्शियम वेगळं केल्यामुळे का एकूण सहा महिने गोळी घेतल्यामुळे, हे एका माणसावरून सांगता येत नाही. चहावर सगळं खापर फोडू नका.

आणि अजून एक, त्याच १९८३ च्या प्रयोगात जेवणाआधी तासभर कॉफी घेतली तर काही फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तर जेवणाबरोबर घेतल्याइतकाच अडथळा आला. त्यामुळे जेवून तासाभराने प्या हा सल्ला सगळीकडे फिरतो तो काही फार पक्का नाहीये. प्यायचाच तर जेवणाआधी प्या.

निरोगी_जीवन:
चहा वगैरे सोडा, खरी ताकद हळदीत आहे. मी हळद-मिरीच्या कॅप्सूल दीड वर्ष घेतोय, मिरीने हळदीचं शोषण २००० टक्के वाढतं हे सिद्ध झालंय. सगळ्यांनी घ्या, गुडघे मोकळे होतात.

औषधपेटी:
सगळ्यांनी घ्या असं कृपा करून लिहू नका. माझं औषधांचं दुकान आहे म्हणून कळकळीने सांगते. तो २००० चा आकडा बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या १९९८ च्या अभ्यासातला आहे, मोजक्या लोकांना २ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) आणि २० मिलिग्रॅम पिपरिन (मिरीतलं तिखट द्रव्य) दिलं होतं. नुसतं कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात जवळपास काही सापडलंच नव्हतं, त्या नगण्याची पट मोजलीये ती. आणि मिरी काय करते, तर यकृत जे बाहेर टाकायला निघालेलं असतं त्याला अडवून ठेवते. हळद अडते तशी औषधंपण अडतात, फिटच्या गोळीचं फेनिटोइन रक्तात वाढतं पिपरिनने. हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या केसेस इटलीत आणि अमेरिकेत नोंदल्या गेल्यात. फोडणीतली चिमूटभर हळद वेगळी, तिच्यात कर्क्युमिन तीनेक टक्के असतं, ती खुशाल खा. जास्त शोषलं गेलं म्हणजे चांगलंच झालं असं नसतं हो.

रानजाई:
हे मला खरंच माहीत नव्हतं, सासूबाई घेतात ती कॅप्सूल आणि रक्त पातळ करायची गोळीपण चालू आहे त्यांची. आजच डॉक्टरांना विचारते. तिन्हीसांजा, तुमचा मुद्दा घेतला, माझ्या एकटीवरून नियम काढायला नको होता. पण गोळीच्या बाबतीत मी ठाम आहे, गोळी आणि चहा एकत्र नको.

तिन्हीसांजा:
गोळीबद्दल माझंही तेच मत आहे. आणि आपल्याकडचा एक अभ्यास चांगला आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या जेवणाबरोबर पेरू दिला, त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं, २०१३ साली छापून आलंय, त्या जेवणातलं लोहाचं शोषण दुपटीच्या वर गेलं. तोही एका जेवणाचाच आहे हे मी आधीच सांगतो.

गोदाकाठ:
पेरू चालेल. पेरू आमच्या वस्तीत दारोदार आहे, विकत घ्यावा लागत नाही. चहा सोड म्हणण्यापेक्षा पेरू खा म्हणणं मला सोपं जाईल, ऐकतील तरी. आणि सकाळचा चहा शेतावर निघायच्या आधी, भाकरी ११ ला, हे आमच्याकडे आधीपासून असंच आहे, अडचण दुपारच्या चहाची आहे. मुलींना आठवड्याची लोहाची गोळी देतो ती रिकाम्या पोटी मळमळते म्हणून जेवणानंतर देते, आणि घरी गेल्या गेल्या चहाच पितात त्या, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. सोमवारी वाटप आहे. पेरूची फोड हातावर ठेवूनच गोळी देते आणि चहा संध्याकाळी प्या म्हणून सांगते. ताट कमी पडतंय हे माझं म्हणणं मात्र मी मागे घेतलेलं नाही.