‘त्यांचीही बाजू समजून घ्या’ हे नेमके कोणाला सांगायचे?

वसुधा_पुणे

परवा येथे वसतिगृहातील थट्टेविषयी एक टिपण आले. त्याचा आशय असा, की ईशान्येकडील मुलांना आपली मुले चेहऱ्यावरून हाका मारतात त्यामागे दुष्टपणा नसतो. तेव्हा त्या मुलांनी आपल्या मुलांची बाजू समजून घ्यावी, थोडे हसण्यावारी न्यावे आणि तक्रारी करू नयेत, म्हणजे मैत्री आपोआप होते. टिपणाखाली कौतुकाचे प्रतिसाद पाहिले आणि गप्प बसणे मला अशक्य झाले.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात शिकवते. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या थोडे आधी, आमच्या वर्गातील एका मिझो मुलीच्या बाकावरून मुले उठून जाऊ लागली आणि मेसमध्ये तिला रोगाच्या नावाने हाका मारू लागली. तिने तक्रार केली, समिती बसली आणि समितीने तिलाच विचारले, ‘मुले घाबरलेली आहेत, हे तू समजू शकतेस ना?’ तिने मान हलवली, कागदावर सही केली आणि त्या दिवसापासून मेसमध्ये येणे बंद केले. तिला काय वाटले असेल, हा प्रश्न त्या मुलांना कोणीही विचारला नाही.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात निदो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात जे सुरू झाले, तीही आधी थट्टाच होती. त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. प्रत्येक थट्टा तिथवर जाते असे मी म्हणत नाही, पण ज्याला लागले आहे त्यालाच आधी समजूतदारपणा शिकवायचा, हा क्रम मला अन्यायाचा वाटतो.

सदाशिव_निवृत्त_रेक्टर

वसुधाताई, आपला संताप मी समजू शकतो, परंतु आपण वर्गातून पाहता आणि मी रात्री अकरा वाजता वसतिगृहाच्या पायरीवर उभे राहून पाहिले आहे. जत किंवा अहमदपूर तालुक्यातून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने त्याआधी मिझोराम नकाशातही नीट पाहिलेले नसते. त्याच्या तोंडून जे निघते ते अज्ञान असते, आणि अज्ञानाला शिक्षा करून ज्ञान येत नाही. मी एकदा तीन मुलांना वसतिगृहाबाहेर काढले. ती परत आली तेव्हा तक्रार करणाऱ्या मुलाशी अख्ख्या मजल्यावर कोणी बोलेना आणि सत्र संपताच तो मुलगा गाव गाठून बसला. त्यानंतर मी त्रिपुराच्या मुलाला लातूरच्या मुलांबरोबर एका खोलीत ठेवू लागलो, आणि त्यातून जे साधले ते कोणत्याही समितीला साधले नव्हते.

फर्ग्युसनच्या वसतिगृहात काविळीने आजारी असलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना शां. ब. मुजुमदारांनी पाहिली आणि परदेशी मुलांच्या एकटेपणाच्या त्या जाणिवेतून १९७१ साली सिंबायोसिस ही शिक्षणसंस्था उभी राहिली. पुण्याची ही परंपरा आपुलकीची आहे, पोलीस ठाण्याची नाही.

उखरुलचा_मिरजकर

सदाशिव सर, नमस्कार. भैय्याजी काणे यांनी मणिपूरच्या मुलांना शिक्षणासाठी महाराष्ट्रात आणण्याचे जे काम सुरू केले, त्याच वाटेने मी लहानपणी उखरुलहून मिरजेला आलो. माझे मराठी तिथल्या शाळेतले आहे, म्हणून आपुलकीविषयी मला कोणी सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा पसरल्या आणि पुण्या-बेंगळुरूहून आमची मुले गाड्या भरून परत निघाली, तेव्हा माझ्या खोलीतील मित्राचे वडील सांगलीहून पुण्याला आले आणि मला स्वतःच्या घरी घेऊन गेले. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पण सर, समजून घेण्याचे काम मी आयुष्यभर केले आहे. भाकरी मोडून खायला शिकलो, हरिपाठ पाठ केला, गणपतीत ढोल वाजवला. तरीही महाविद्यालयाच्या दारावरचा रखवालदार मला पारपत्र मागत असे, आणि माझ्या मराठीचे कौतुक करणारा माणूस पुढच्याच वाक्यात ‘भारतात कधी आलात’ असे विचारत असे. आपल्या लातूरच्या मुलांनी त्रिपुराच्या मुलाकडून काय शिकले, हे आपण लिहिलेले नाही. घरमालकाने मला खोली सोडायला लावली, कारण मी एका रविवारी नगारी, म्हणजे आमची आंबवलेली मासळी, शिजवली होती. तेव्हाही मला हेच सांगण्यात आले, की शेजाऱ्यांची बाजू समजून घे.

स्पष्टवक्ता_ठाणे

आपल्या अनुभवाचा आदर राखूनही एक गोष्ट लिहिली पाहिजे. वास हा वंशाचा विषय नाही. दिल्ली पोलिसांनी २००७ साली ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी सूचनांची पुस्तिका काढली, तिच्यात आखुनी, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, आणि बांबूच्या कोंबाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होईल अशा रीतीने शिजवा, असा सल्ला होता. आणि ती ज्या अधिकाऱ्याने तयार केली तो स्वतः अरुणाचल प्रदेशचा होता. आपल्याच माणसाला जे कळले, ते आम्ही म्हटले की वंशद्वेष कसा होतो? जिथे राहायचे तिथल्या लोकांच्या सवयींचा मान राखणे यात अपमान कसला?

दर्यावर्दी

हा ‘जिथल्या तिथल्या सवयींचा मान’ मला ऐकवू नका. माझे माहेर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात आहे. ही मुंबई आमच्या आजे-पणज्यांच्या जाळ्यांनी वसली, आणि आज माझ्या भावाला त्याच मुंबईत खोली पाहायला गेल्यावर आडनावाआधी आहार विचारला जातो. इथे मूळचे कोण आणि पाहुणे कोण, स्पष्टवक्ते? मूळच्यांच्या सवयींचा मान राखायचा असेल, तर मुंबईतील प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर बोंबील वाळायला हवे होते. पण इथे मान राखला जातो तो मूळच्यांचा नाही, ज्याच्या हातात सोसायटीचा शिक्का आहे त्याचा.

आणि हे महाविद्यालयांतही शिरले आहे. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमध्ये काही टेबले केवळ शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली आणि त्याला विरोध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. म्हणजे वासाची तक्रार करणाऱ्याची बाजू नियम होते आणि खाणाऱ्याची बाजू गुन्हा ठरते.

स्पष्टवक्ता_ठाणे

आपण विषय मुद्दाम भलतीकडे नेत आहात. माझी आई माळकरी आहे. माशाच्या वासाने तिला खरोखर मळमळते, तिला तिथे बसवत नाही. सत्तरीतल्या त्या वारकरी बाईला आपण वंशद्वेष्टी ठरवणार आहात काय? शाकाहारी माणसाची संवेदना ही संवेदनाच नाही, असे या धाग्यावर बहुमताने ठरले असेल तर तसे सांगा, म्हणजे मी येथून निघतो.

दर्यावर्दी

माझे आजोबाही माळकरी होते. त्यांनी माळ घातली त्या दिवसापासून घरात त्यांची चूल वेगळी झाली आणि सुकटीचे मडके पडवीत गेले. आजी त्यांच्या पंढरीच्या वाटेसाठी लाडू वळत असे आणि तेच हात धुऊन दुपारी बाजारात म्हावरे विकत असे. आजोबांनी तिला घराबाहेर काढले नाही, दंडही केला नाही. आपल्या आईंच्या मळमळीबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. त्यांच्यासाठी खिडकी उघडा, त्यांचे ताट वेगळ्या खोलीत मांडा. परंतु त्या मळमळीसाठी दुसऱ्याचे छप्पर काढून घेतले, की तिला संवेदना म्हणणे मला जमणार नाही. आणि वारकऱ्यांना या भांडणात ढाल म्हणून पुढे करू नका.

मेलबर्नवासी_अनिरुद्ध

मासळीवरून आपण मूळ प्रश्नापासून फार दूर गेलो, असे मलाही आधी वाटले होते, पण आता वाटते की प्रश्न तोच आहे. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते तेव्हा मी तिथे शिकत होतो. आम्हाला पोलिसांकडून जे सल्ले मिळाले त्यांत हेही होते, की सार्वजनिक जागी आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका. आम्ही चिडलो. पुण्या-मुंबईतील आमचे नातेवाईक आमच्याहून जास्त चिडले. मार खाणाऱ्यालाच आवाज कमी करायला सांगता, असे आम्ही रस्त्यावर येऊन विचारले. स्पष्टवक्ते, त्या सल्ल्यात आणि दिल्लीच्या पुस्तिकेत मला काही फरक दिसत नाही, आणि ती अरुणाचलच्या अधिकाऱ्याने लिहिली म्हणून ती न्याय्य होत नाही. आपल्या मुलांनी जिवंत राहावे म्हणून घाबरलेला बापही असे सांगतो.

आणखी एक. आफ्रिकी विद्यार्थ्यांचा उल्लेख या धाग्यावर कोणीच केलेला नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये गाठून मारले, तेव्हा त्यांच्यासाठी मेलबर्नइतका संताप मी आपल्या घरांत पाहिला नाही.

अ‍ॅड_देवदत्त

भावना बाजूला ठेवून थोडे नियमांकडे पाहू. निदो तानियाच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने २०१४ मध्येच भारतीय दंड संहितेत १५३ क आणि ५०९ अ ही वांशिक अपमानाविरुद्धची नवी कलमे घालण्याची शिफारस केली होती. डिसेंबर २०१६ मध्ये कर्मा दोरजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येकडील नागरिकांविरुद्धच्या वांशिक भेदभावाच्या तक्रारींवर लक्ष ठेवणारी देखरेख समिती नेमण्याचे निर्देश दिले. महाविद्यालयांपुरते बोलायचे, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समतेच्या नियमांतच समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितलेला आहे आणि वांशिक ओळखीचा उल्लेखही त्यात आहे. सदाशिवराव, आपण तीन मुलांना काढले तेव्हा आणि नंतर त्रिपुराच्या मुलाची खोली बदलली तेव्हा, यांपैकी कशाची लेखी नोंद झाली होती का? नोंद नसली की शिक्षाही रेक्टरच्या मर्जीची होते आणि आपुलकीही.

सदाशिव_निवृत्त_रेक्टर

नोंद नव्हती. ते सारे २०१२ च्या आधीचे होते, पण हा बचाव मी लांबवत नाही. मिरजकर, आपण विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हे लिहायला मला आनंद होत नाही. इतके मी मान्य करतो, की तक्रार करणाऱ्याला समोरच्याची बाजू समजून घेण्याचा उपदेश समितीने करू नये आणि जबाब लिहून घेताना तो विषयच काढू नये. मात्र मुलांना काढून टाकल्याने ती सुधारतात, हे मी आजही मान्य करत नाही. त्या मजल्यावरील अबोला मी पाहिला आहे, आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही.

उखरुलचा_मिरजकर

सर, त्या अबोल्याच्या दुसऱ्या बाजूला मी राहिलो आहे. मुलांना काढा, असे मी कुठेच लिहिले नाही. माझी अपेक्षा एवढीच आहे, की ज्या मुलाने हाक मारली त्याने आधी बसून ऐकावे, आणि ऐकवण्याचे काम प्रत्येक वेळी ज्याला हाक मारली त्याच्याच गळ्यात पडू नये. त्यासाठी पगार घेणारी माणसे संस्थेत आहेत. मला बोलवाल तर मी येईन, पण दरवर्षी नव्या मुलांपुढे उभे राहून मी माणूस आहे आणि भारतीय आहे, हे सिद्ध करायला येणार नाही.

वसुधा_पुणे

देवदत्त यांनी सांगितलेला भेदभावविरोधी अधिकारी आमच्या महाविद्यालयात कागदोपत्री आहे. त्याचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक नाही, आणि या धाग्याआधी मीही ते शोधले नव्हते. जूनच्या प्रवेशांआधी वसतिगृह समितीची बैठक आहे. तिथे मी दोन मागण्या मांडणार आहे : प्रत्येक तोंडी तक्रारही त्याच दिवशी नोंदवहीत यावी, आणि पहिला प्रश्न ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला विचारला जावा. सदाशिवराव, बाहेरचे सदस्य म्हणून आपले नाव मी सुचवते आहे. शिक्षेच्या कलमाला आपण विरोध कराल, हे मला माहीत आहे. तो तिथे येऊन करा, आणि तोही इतिवृत्तात लिहिला जाईल.